तूस

आशेर रणभिसे ॲम्प घेऊन आला तेव्हा
भवानी पेठेत लाइट नव्हती.
ॲम्प रिक्षात मागच्या सीटवर ऐसपैस,
तो पुढे ड्रायव्हरशेजारी, अर्धा बाहेर.
म्हणाला, ताई, लाल दिवा लागतो, पण आवाज नाही.
गिटार चांगली आहे, वायर चांगली आहे,
आणि उद्या रविवार आहे.

वायर चांगली आहे हे कोण म्हणतं?
ज्याची खात्री वाटते ते आधी तपासायचं.
तपासली.
वायर चांगलीच होती.

साडेअकराला लाइट आली
आणि समोरच्या शेडमधले माग एकदम सुटले.
आता गल्लीत जे बोलायचं ते ओरडून.
मी शंभरचा बल्ब मधे घालून ॲम्प लावला.
आत शॉर्ट असेल तर बल्ब भडकतो आणि तसाच राहतो.
हा क्षणभर पेटला, मंदावला,
कुणी झोपेत डोळा उघडून पाहावं
आणि कूस बदलावी तसा.
म्हणजे ट्रान्झिस्टर जिवंत.
दोनेक हजारांची भीती गेली.
आशेरला लगेच सांगितलं नाही.

स्पीकरच्या तारांना नऊ व्होल्टचा सेल टेकवला.
ढप्. कागदी पडदा पुढे आला, मागे गेला.
पेटीला टेबलावर जागा नव्हती, तिला दारात सरकवली,
नानांच्या स्टुलापाशी.

मग मीटर.
अधिक चाळीस. उणे चाळीस.
आउटपुटला शून्य.
मी ओरडले, शून्य! हीच शुभवार्ता!
तो हसला, बायबलमधला शब्द माझ्या तोंडून ऐकून.
पण शुभवार्ता आली तरी आवाज नव्हता.

नाना दारातच असतात.
एकतीस वर्षं माग चालवला, दोन पाळ्या, कधी तिसरीही.
आता आमचं बोलणं त्यांना ऐकू येत नाही.
माग ऐकू येतात म्हणतात.
सोमवारी, शेडला सुट्टी असते, तेव्हासुद्धा.

चारला मी ॲम्प उलटा करून मागची बाजू पाहिली.
दोन भोकं: सेंड आणि रिटर्न.
एकातून आवाज बाहेर जातो, दुसऱ्यातून परत येतो,
मधे कुणाला काही जोडायचं असेल तर.
कुणी काही जोडत नाही.
तेव्हा आतली एक पितळी पट्टी
दुसऱ्या पट्टीला टेकून असते,
आणि आवाज बाहेर न पडताच घरातल्या घरात पलीकडे जातो.

आशेरचीच ती चांगली वायर
या भोकातून त्या भोकात घातली.
वाजव, म्हटलं, सगळ्यात जाड तार.
त्यानं वाजवली. माझ्या कानात नुसते माग.
त्यानंही मान हलवली, नाही.
आवाजाचं बटण मीच भीतीनं अगदी खाली ठेवलं होतं,
हे दोघांच्याही लक्षात नव्हतं.

नानांचा अनवाणी पाय पेटीला टेकलेला.
ते वळले.
म्हणाले, वच्चिंदी.
आलं.

रिटर्नचा जॅक सोडवून उजेडात धरला.
दोन पट्ट्यांच्या मधे
मुगाच्या डाळीएवढा तुसाचा गोळा,
करडा, दाबून दाबून घट्ट झालेला.
तुम्ही सराव कुठे करता?
कोंड्यालच्या शेडमागं, ताई. तिथं आमच्या आवाजाची
कुणाला अडचण होत नाही.

चिमट्यानं काढला. स्पिरिट, ब्रश.
हाच तूस नानांच्या भुवयांत असायचा, लहान असताना
मी तो फुंकून उडवायचे.
आजकाल ते खोकतात तेव्हा मी तिकडे बघत नाही.

दीडशे रुपये. आशेरला हजाराची तयारी ठेवून आल्यासारखं वाटलं,
तो नोट हातात धरून उभाच.
मग एकदा पूर्ण आवाजात वाजवून बघतो म्हणाला.
बाटलीतलं स्पिरिट थरथरलं,
स्क्रू टेबलावरून चालत चालत खाली पडले.
रिक्षावाला हॉर्न देत होता.
नानांनी पेटीवरचा पाय काढला नाही,
दुसराही उचलून तिच्यावर ठेवला.