दर साडेअठरा इंचांवर

नाना तपासायच्या टेबलावरून चादर ओढत,
खाली ट्यूबलाइट, वर त्यांचा तळवा.
“डाग,” म्हणत. मग टेप.
“परत डाग. साडेअठरा इंच.”
तिसरा सापडला की उठून
अक्कलकोट रोडच्या त्या शेडमध्ये
बारा मागांच्या खडखडाटातून थेट
एकापाशी जाऊन वाकत,
आणि ज्याचा घेर साडेअठरा
नेमका त्याच रुळाचा टवका उडालेला निघे.
“कसं कळलं बे, मल्लेशम?”
“कापड बोलतं की.”

मी केगावला. एप्रिल, रात्रीचे अडीच,
पंखा गरम हवा इकडची तिकडे करतोय.
पुढ्यात एका ताऱ्याचा उजेड,
दर अर्ध्या तासाला एक ठिपका, ऐंशी दिवस.
नाव नाही, नंबर आहे; शेवटी चारशे सतरा.
त्याचा चेहरा मला कधीच दिसणार नाही.
उजेड दोन टक्के खचतो,
सावरतो,
सहा दिवसांनी पुन्हा तसाच खचतो.
म्हणजे फिरतोय. म्हणजे अंगावर डाग आहे.
चुंबकत्व तिथं गच्च विणलंय,
खालची धग वर येऊ देत नाही.
डाग काळा म्हणजे तरी किती?
वितळलेल्या लोखंडाहून तापलेला,
फक्त शेजाऱ्यापेक्षा कमी पांढरा.

मागाखाली पडलेल्या सुया काढायला
नाना दोरीला लोहचुंबक बांधून सोडत.
ओढ कुणाला दिसायची नाही,
दिसायचं ते वर काय चिकटून आलं.

आलेख छापून घरी नेला.
आई विड्यांचं सूप घेऊन सरकून बसली.
नानांनी एका डोळ्यानं
(दुसऱ्याचं ऑपरेशन परवाच)
कागदाला टेप लावला.
पहिले चार जमले. पाचव्यापाशी थांबले.
“चूडू,” म्हणाले, “हा लवकर आलाय. सहावा पण.
एका मागाला दोन रूळ आहेत.”

तेवढे ठिपके मी गोंगाट म्हणून पुसणार होते.
मध्यावर वेगळा वेग, वरच्या अंगाला वेगळा:
एकच तारा, दोन डाग, दोन घेर.

“दुरुस्त कोण करतं तिथं?”
कुणी नाही, मी म्हटलं. आपोआप विरतात,
काही वर्षांनी पुन्हा उठतात.
“आणि डागच नसला तर?”
मग फिरतो की नाही तेही कळत नाही.

नानांनी कागदाची चौपदरी घडी घातली,
कडेला कड जुळवून, अंगठ्यानं दाबून.
“मग सेकंडच्या गठ्ठ्यात टाकू नको ह्याला.”