मानशीचं दार

दुपारी दोन ते सहा
उजव्या डोळ्यावर पट्टी.
उजवा चांगला, म्हणून तोच झाकायचा.
शेजारच्या आंतोनेतबाईंना हे अजून पटलेलं नाही.

डावा सहाव्या आठवड्यात उघडला,
बांबोळीला, मोतीबिंदू काढून.
तोवर त्याला दिसलं
आंतोनेतबाईंच्या शिंपल्यांच्या खिडकीतून दिसतं तितकंच:
उजेड आत, माड बाहेर.
झावळीला धार नाही,
कावळा बसला की उडाला, पत्ता नाही.

आता उर्वी आठ महिन्यांची. पट्टी ओढते, रडते.
मी तिच्या हातांत मोजे घालते,
मे महिन्यात.

डॉक्टर लुर्दिनांनी कागदावर काढून दाखवलं:
पोटात असतानाच, काळोखात,
डोळ्याच्या पडद्यावर लाटा उठतात,
पाहण्यासारखं काहीच नसताना.
त्या वाटा पाडून ठेवतात
थेट मेंदूच्या मागच्या खोलीपर्यंत.
"म्हणजे बांध आधीच घातलेले?"
मी दिवाडीची, मला बांधच सुचणार.
त्या हसल्या.
"बांध, हो. पण भात नाही."

गुणाजीमामाचाही डावाच.
जन्माचाच मोतीबिंदू, काढला बाविसाव्या वर्षी.
डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले, उत्तम.
मामा म्हणाला, धुकं आहे.
चार चष्मे झाले.
मग घरात सगळे म्हणाले, नाटकं करतो,
मीसुद्धा, पाचवीत होते तरी.
फेरीबोटीवर दोर टाकायचं काम त्याचं.
एका डोळ्यानं खुंटाचा अंदाज घ्यायचा,
दोनदा चुकायचा,
तिसऱ्यांदा धक्क्यावरचे लोक टाळ्या वाजवायचे.

आंधळा तो डोळा नव्हताच.
त्याच्या वाटणीचं खाजन लहानपणी पडीक राहिलं,
आणि शेजारच्यानं, न भांडता,
एकेक कुणगा करत कसून घेतलं.
बाविसाव्या वर्षी मानस उघडली.
पाणी आलं,
जमीन दुसऱ्याच्या नावावर.

मामाला हे सांगायला हवं होतं.
तो गेला त्याला सहा वर्षं झाली.

म्हणून मी रोज चार तास
चांगल्या शेजाऱ्याला दाराआड कोंडते,
ज्यानं काहीही केलेलं नाही.
उर्वीला हा अन्याय कळतो.
डाव्यात नखाएवढं भिंग,
समोर मी, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची उशी हलवत,
घामानं निथळत,
कुणाचं तरी शेत राखत.

काल रायबंदरहून परतताना
फेरीवरच्या नव्या पोरानं दोर फेकला.
उर्वीची मान वळली.
पट्टी होती. डावाच उघडा होता.
पण दोर लोखंडावर आपटलाही होता, फाडकन.
आधी काय झालं,
मला सांगता येत नाही.

आज पुन्हा जायचंय.
त्या पोराला विचारणार आहे,
एकदाच, माझ्यासाठी,
आवाज न करता टाकशील का?