गंजी

कडब्याच्या गंजीत दाताळं खुपसायच्या आधी
सर्जेराव तात्या हाक घालायचे, "हाय का कुणी?"
पुसेसावळीची पोरं फिदीफिदी हसायची.

इटलीत, छावणीतून पळाल्यावर,
एका म्हातारीनं त्यांना गवतात दडवलं.
आत आधीच एक ज्यू बाई, मांडीवर लेकरू.
लेकराला खोकला.

जर्मन आले. गवतात संगिनी खुपसू लागले.
तात्या हात वर करून बाहेर:
"म्या एकलाच हाय."
मराठी कुणाला कळणार! पण हुडकणं थांबलं.

म्हातारीचं पुढं काय केलं त्यांनी,
ते तात्या सांगत नसत.

गावानं नाव ठेवलं, दोनदा घावलेला.
खोडलं नाही त्यांनी.

यंदा गंजी मी उपसली.
दाताळं उचललं, थांबलो.
शेजारचा बांधावरून बघत होता.
घसा खाकरला नुसता.