ओढ

ट्रॉम्सोत डिसेंबरात दुपारी दोनलाच रात्र झालेली असते,
म्हणून इको-खोलीतला दिवा मी मालवला
तेव्हा कुणाला फारसा फरक जाणवला नाही.

सुन्निवा, अकरा आठवड्यांची.
दूध ओढता ओढता मधेच थांबते,
पांढरीफटक पडते, मग किंचाळते.
तिघांनी पोटदुखी म्हटलं.
शेजारणीनं बडीशेपेचं पाणी दिलं.
पोट दुखताना बाळ घामानं डबडबतं का हो,
मारेननं तिघांनाही विचारलं होतं.
मी चौथी.

जेल तळव्यांत धरून कोमट केलं.
डावा कप्पा फुगलेला, सुस्त.
झडपेचे दोर धरणारे स्नायू चुन्यासारखे पांढरे.
आणि महारोहिणीला टेकलेली डावी धमनी,
जिथून निघायला हवी
अगदी तिथूनच निघाल्यासारखी.

ही रेघ मी ओळखते.
सात वर्षांपूर्वी अशाच एका रेघेवर विसंबून
मी ‘नॉर्मल’ लिहिलं होतं.
त्या मुलाचं नाव इथे लिहीत नाही.

रंग चालू केला.
लाल म्हणजे माझ्याकडे येणारं, निळं म्हणजे दूर जाणारं,
बाकी त्या रंगांना काही अर्थ नसतो.
बाळ हुंदकलं, चित्र मोडलं, पुन्हा जुळलं.
आणि तेव्हा ती ठिणगी
फुप्फुसाच्या धमनीत,
जिथे कुणी शिरायचं कारण नाही तिथे:
हृदयाला पाजायला निघालेलं नव्हे,
हृदयाच्या तोंडचं काढून
उलट पावली चाललेलं रक्त.

हाल्वार सामुद्रधुनीतून बोटी पार करून देतो.
माझे शब्द त्याच्या डोक्यावरून गेले.
मग म्हटलं, नकाशात वाट दिसते, पण
“पाणी कुठे चाललंय ते दिसत नाही,” तोच म्हणाला,
“त्यासाठी शेवाळ बघायचं. कुणीकडे झुकलंय.”
बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला.
“हे उलटं झुकलंय.”
हो.

ऑस्लोचं विमान पाचला.
तिथे धमनी सोडवून महारोहिणीला जोडतील.
जमतं?
बहुतेकदा, मी म्हटलं,
आणि तो शब्द तोंडात जरा जास्त वेळ राहिला.

मारेन बाळाच्या छातीवरचं जेल पुसत होती,
पुसून झालं तरी पुसत होती.
“म्हणजे पोट नव्हतं दुखत.”
नाही.
“मी म्हणतच होते,”
हे ती मला सांगत नव्हती.