शौगुले

यादी अरबीत लिहिलेली, आणि त्या अक्षरांत 'च' नाही.
म्हणून मुहर्रकच्या हॉलमध्ये, माइकवर,
माझी नाझनीन चौगुले कायम शौगुले झाली.
पहिल्यांदा मी इकडेतिकडे पाहिलं, कुणाची पोर ही.
तोवर ती दोरांमधून आत वाकली होती.

चोपन्न किलो.
वजनाच्या आदल्या रात्री तिला पाणीही मोजून.
आईने तळलेला बांगडा
मी एकट्याने खाल्ला, स्वयंपाकघराचं दार लावून.

माझं काम बादली आणि स्टूल.
वीस वर्षं ड्रायडॉकला जहाजांचे तळ जोडतोय,
ठिणगी कुठे उडणार ते मला आधी कळतं.
तिच्या डाव्या हाताचं कधीच कळलं नाही.
पाच जणींनाही नाही.
तिघींना कळलं; त्यातली एक फिलिपिनो नर्स,
जिने शुक्रवारी नाक फोडलं
आणि शनिवारी तिच्याच वॉर्डात कापूस भरला.
दोघी हसत होत्या. मला हसता आलं नाही.

कोच इद्रीस म्हणाला, आता मोठ्या स्पर्धा.
फॉर्म आला. देश, आणि पुढे रेघ.
इथल्या संघाला इथला पासपोर्ट हवा.
रत्नागिरीला फोन केला, मग पुण्याला:
मुलगी इथे राहते का? रहिवासी दाखला?
मी म्हटलं, उन्हाळ्यात येतो,
हर्णैला घर आहे, किल्ली शेजारी असते.
पलीकडचा माणूस चांगला होता. गप्प राहिला.

रेघ तशीच ठेवून नाझनीनने
फॉर्मच्या पाठीवर सामान लिहिलं:
कोकम, उकडा तांदूळ, चिकटपट्टी दोन.

नववी लढत क्लबातच.
खुर्च्या चाळीस, माणसं पंधरा, एसी बंद.
तिसऱ्या फेरीत तिची हनुवटी उघडी पडायला लागली.
'हात वर' ओरडायचं होतं,
तोंडून निघालं, "शौगुले!"
तिने वळून पाहिलं.
तेवढ्यात बसला.

तीन-दोनने गेली.
हिद्दच्या रस्त्यावर, ओठाला बर्फ धरून ती म्हणाली,
"अब्बा, निदान तुम्ही तरी च म्हणा."
म्हटलं. सिग्नलला, काच खाली करून, दोनदा.
बाजूचा टॅक्सीवाला बघत राहिला.

पुढची लढत कधी, मी विचारलं नाही.
साडेचार मीटरच्या दोन पट्ट्या
माझ्या बॉयलर सूटशेजारी बाल्कनीत टांगल्यात.
या दमट हवेत
त्या नीट वाळतच नाहीत.