फुकट म्हणजे नंतर किती?

सातपूरला, पिठाच्या गिरणीमागे,
शनिवारी आमचं टेबल लागतं.
चंद्रकला पगारे आली,
प्लास्टिकच्या पिशवीत घरमालकाची नोटीस,
पिशवीला तीन गाठी.

"फुकट म्हणजे नंतर किती?"
मी म्हटलं, काहीच नाही.
तिनं खुर्ची जरा मागे घेतली.

नोटीस वाचून दाखवली
गिरणीच्या आवाजापेक्षा मोठ्यानं.
उपरोक्त, सबब, कब्जा...
"एवढंच? निघ म्हणतोय ना?
मग लिहा, नाही निघत.
डिपॉझिट त्याच्याकडे, पावती माझ्याकडे."

लिहिलं. तिच्याच शब्दांत,
फक्त आधी एक 'सबब' जोडलं.

सहीच्या जागी पीठ बसलेलं;
तिनं फुंकर घातली,
सावकाश आडनावासकट सही केली,
पिशवीला गाठी मारल्या, या वेळी दोनच,
आणि विचारलं,
पुढच्या शनिवारी
तुम्हीच असाल ना?