ताकद बासष्ट, दर्जा शून्य

नागणसूर मागं पडलं की रस्ता काळ्या रानात शिरतो.
तिथं रज्जाकनं जीप उभी केली,
मागच्या चाकांना दोन धोंडे लावले.
नळीतून नळी काढत आम्ही दहा मीटरचा खांब उभा केला,
टोकाला अँटेना, तोंड सोलापूरकडं.

मीटर माझ्या मांडीवर, मीटरवर ऊन.
उन्हात आकडा दिसत नाही,
म्हणून मी डोक्यावरून टॉवेल घेतो
आणि वाफ घेणाऱ्या माणसासारखा आत वाकतो.
ताकद बासष्ट.
दर्जा शून्य.

म्हणजे येतंय, पण लागत नाही.
टेकडीवरच्या टॉवरवरून निघून, हत्तरसंगची वळणं न घेता,
तुरीच्या शेंड्यांवरून सरळ इथवर आलंय सगळं,
आणि डब्याला त्यातलं अक्षर कळत नाही.

“काय सापडंना का ओ?”
पत्र्याच्या घरातून बाई आल्या. सातव्वा हत्तुरे.
पदराला शेंगांची टरफलं.
मी पाठ केलेलं सांगितलं:
नवीन डिजिटल, डिश नको, महिन्याचे पैसे नकोत,
चित्र एकदम काचेसारखं.

त्यांनी वर बोट केलं.
पत्र्यावर जुनी अँटेना, सातातल्या चार दांड्या शिल्लक,
एकीवर दोडका चढलेला.
“ह्यांनी बसवलेली. मावळतीला केली की मराठी,
उगवतीला केली की कानडी.
भांडण झालं की मी कानडीकडं फिरवून टाकायची.
हे शिडी लावून परत मराठीकडं.
मधीच अडकली तर दोन्ही यायचं,
तोंड एकाचं, बोलणं दुसऱ्याचं,
आणि वरून मुंग्याच मुंग्या.
तसंच बघत जेवायचो.”

“आता मुंग्या नसतात,” मी म्हणालो.
“लागलं तर लख्ख. नाही तर काळं.
मधलं काही नसतं.”

त्यांनी माझ्या टॉवेलात डोकं घालून आकडा बघितला.
“मग आमच्याकडं काळंच की.”

रज्जाक हसला. मी फॉर्म काढला.

“बंद पडलं त्या रात्री ह्यांनी फोन लावलेला तुमच्या आफिसात.
मुंग्यासुद्धा गेल्यात म्हणून सांगितलं.
तिकडचा माणूस म्हणाला,
बिघाड आहे, उद्या नीट होईल.”

त्या रात्री ड्युटीवर मी होतो.
अक्कलकोटचा लहान ट्रान्समीटर, आदेश दुपारीच आलेला,
साडेअकराला स्विच खाली केला
आणि पंखे थांबल्यावर खोली इतकी गप्प झाली
की बाहेरच्या कुत्र्याचं खाजवणं ऐकू आलं.
तेवीस वर्षं आम्ही पाठवत राहिलो,
कुणाला मिळतं का, हे विचारायची रीत नव्हती.
बंद केल्यावर फोन आला तो एकच.
आता कायमचं, असं म्हणायला तोंड उघडलं होतं मी.
उद्या, असं बाहेर पडलं.

“कधीची गोष्ट?” असं मी विचारलं, तारीख पाठ असून.
“हे जायच्या आधीचा उन्हाळा.
चार-पाच दिवस रोज लावून बघत होते,
मग म्हणाले, लांबचं काम असतंय, वेळ लागतो त्यांना.”

मी फॉर्मवर गाव लिहिलं. अक्षांश. रेखांश.
शेऱ्याच्या चौकटीत दोन शब्द बसतात,
ते छापून आल्यासारखे हाताला येतात.
पेन चालेना. रज्जाकचं घेतलं, तेही चालेना,
किंवा मीच दाबत नव्हतो.

“गाडी जरा मागं घेऊ का?” रज्जाक म्हणाला.
घेतली, लिंबाखाली, तीन हात.
ताकद अठ्ठावन्न. दर्जा शून्य.

तेवढ्यात सातव्वांनी पुढं होऊन खांब धरला,
धोंडा चुकवून, पाय रोवून,
सवयीनं, जसा कुणी दाराचा कडी-कोयंडा चाचपतो,
आणि एक बोटभर फिरवला.
“आलं का?”

टॉवेलखाली अंधार, घाम, हिरवे आकडे.
नऊ. चौदा.
“हलू नका,” मी ओरडलो.
सतरा. चौदा. सतरा.
“आलं का ओ?”
“हलू नका, बाई. तसंच धरा.”